किलो उतरले, वॅट राहिले

मराठवाड्यात सायकल चालवणाऱ्याच्या वाट्याला घाट थोडे येतात आणि वारा फार. छत्रपती संभाजीनगरातून पैठणकडे निघा, शेंद्र्याकडे निघा, नाहीतर जालन्याकडे, रस्ता बहुतेक सपाटच. चढ म्हणाल तर दौलताबादचा घाट, जळगाव रोडवरचा चौक्याचा घाट आणि खुलताबादहून म्हैसमाळला जाणारा रस्ता, एवढेच आमचे. त्यामुळे वजन कमी करायचं ठरवलं तेव्हा किती किलो उतरतील याची मला फारशी चिंता नव्हती. चिंता होती ती किलोंबरोबर पायातली ताकदही उतरेल याची. घाटात हलकं शरीर कामाला येतं, पण पावसाळ्यात शेंद्र्याहून परत येताना पश्चिमेचा वारा तोंडावर घेतला की तिथे तुमचं वजन कुणी विचारत नाही. तिथे फक्त वॅट लागतात.

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. वय ४१, उंची पाच फूट तीन इंच. जूनमध्ये वजन ६८ किलो होतं. डिसेंबरमध्ये २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करायची होती. तिला साडेतेरा तासांची मुदत असते, आणि आधीच्या हिवाळ्यात शेवटच्या पन्नास किलोमीटरमध्ये गुडघ्यांनी जे सोसलं ते पुन्हा नको होतं. म्हणून सहा-सात किलो कमी करायचे आणि एफटीपी आहे तेवढा ठेवायचा, असं ठरलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. साधारण तासभर टिकवता येईल अशी जास्तीत जास्त पॉवर म्हणजे एफटीपी. तासभर जीव तोडून चालवणं अवघड, म्हणून वीस मिनिटांची टेस्ट घेतात आणि सरासरी वॅटचे ९५ टक्के धरतात. माझी जूनमधली वीस मिनिटांची सरासरी १६० वॅट होती, म्हणजे एफटीपी १५२. भागिले ६८ किलो, म्हणजे किलोमागे २.२४ वॅट. हा भागाकार वाढवायचा तर छेद कमी करा किंवा अंश वाढवा. आमच्याकडे सगळे छेदाच्या मागे लागतात, कारण वजनाचा काटा घरोघरी असतो आणि पॉवर मीटर फार थोड्यांकडे. अंश हळूच घसरत असतो, तो दिसत नाही.

माझ्याकडे घरात एक स्मार्ट ट्रेनर आहे, म्हणजे सायकल जागेवरच बसवून चालवायचं आणि वॅट मोजणारं यंत्र. सगळ्या टेस्ट त्याच यंत्रावर, त्याच खोलीत, तोच पंखा लावून, पहाटे साडेपाचलाच घेतल्या. एका यंत्राचे वॅट दुसऱ्याशी जुळत नाहीत, आणि उन्हाळ्यात पंख्याशिवाय घेतलेल्या टेस्टचा आकडा तर विचारूच नका. अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे वळतं आणि तेवढं पायांना कमी पडतं.

पण जूनच्या आधी एप्रिलचं सांगायला हवं. माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिथेच घडली. खाणं कमी करण्याआधी रक्त तपासून घ्या, असं डॉक्टर मॅडमनी सांगितलं. हिमोग्लोबिन निघालं १०.९. बाईचं बारापेक्षा कमी असलं की तो ॲनिमियाच. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तोही तळाला गेलेला. मॅडम म्हणाल्या, "आत्ता वजन कमी करायला घेतलंत तर आहे तेही जाईल. आधी हे भरून काढू." दोन महिने त्यांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घेतल्या, जेवणावर लिंबू पिळलं आणि जेवणाबरोबरचा चहा तोडला, कारण चहातली टॅनिन लोह शोषू देत नाहीत. चहा आता जेवणानंतर दीड तासाने. जूनमध्ये हिमोग्लोबिन १२.३ झालं. एप्रिलमध्ये १४४ असलेला एफटीपी जूनमध्ये १५२ झाला, आणि मधल्या काळात ट्रेनिंगमध्ये मी काही वेगळं केलं नव्हतं. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारंच कमी असेल तर पाय कितीही तयार असून काय उपयोग? आपल्याकडे कितीतरी बायका हा थकवा वयाच्या नावावर नाहीतर कामाच्या नावावर टाकून वर्षानुवर्षं ओढतात. मला हे मनापासून लागतं, म्हणून आधी लिहिलं.

आता खाण्याचा हिशोब. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. जूनचे पहिले दोन आठवडे मी नेहमीसारखंच खाल्लं, फक्त सगळं वजन करून लिहून ठेवलं. वजन स्थिर राहिलं, त्यावरून कळलं की सायकल नसलेल्या दिवशी मला साधारण १,८५० कॅलरी लागतात. सायकलचा हिशोब ट्रेनरच करून देतो: पायाने केलेलं काम किलोज्यूलमध्ये जितकं, जवळपास तितक्याच कॅलरी शरीर जाळतं. शरीराची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्केच असते आणि एका कॅलरीत ४.२ किलोज्यूल असतात, म्हणून दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. ११० वॅटने एक तास चालवलं की सुमारे ४०० किलोज्यूल, म्हणजे ४०० कॅलरी. मनगटावरच्या घड्याळाच्या आकड्यापेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे.

तूट रोज सारखी ठेवायची नाही, हा आमच्या कोचचा आग्रह होता आणि तो मला पटला. आठवड्यातले दोन दिवस जोराचे, मंगळवारचे इंटरव्हल, म्हणजे मधे दम घेत जोरात चालवायचे छोटे टप्पे, आणि रविवारची लांब राइड. त्या दोन दिवशी एकही कॅलरी कमी करायची नाही. उरलेल्या पाच दिवशी ४०० कमी. म्हणजे आठवड्याला २,००० ची तूट, महिन्याला जेमतेम एक किलो. ऐकायला हे फार कमी वाटतं. आमच्या ग्रुपमधल्या एका दादांनी दोन महिन्यांत नऊ किलो उतरवले होते, सकाळी उपाशी पोटी साठ किलोमीटर आणि रात्री नुसतं सॅलड. फोटोत ते छान दिसायचे. पण पैठण रोडवर बिडकीनच्या पुढे गेलं की मागे पडायचे, आणि आधी तेच पुढे राहून आम्हाला वाऱ्यापासून आडोसा द्यायचे.

दुष्काळात दावणीची बैलजोडी विकली की तेवढ्यापुरतं घर चालतं, पण पुढच्या मृगात औत कशाने ओढायचं? उपाशी शरीर स्नायूंचं तेच करतं. त्याला रोजचा खर्च भागवायचा असतो, आणि मोठा स्नायू सांभाळणं महाग पडतं. तूट लहान असेल, प्रोटीन पुरेसं असेल आणि स्नायूला कामही मिळत असेल, तर ते चरबीवर भागवतं. तिन्हींतली एक गोष्ट जरी सुटली तरी जोडी बाजारात जाते.

प्रोटीन मी किलोमागे १.६ ग्रॅम धरलं, म्हणजे दिवसाला ११० च्या आसपास. आधीच्या दोन आठवड्यांच्या वहीत ते पन्नास-पंचावन्नच निघालं होतं. भाकरी, पिठलं, वरण, दही, शेंगदाण्याची चटणी असं आपलं चांगलं जेवण असूनही. शेंगदाण्यात प्रोटीन आहे हे खरं, पण मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाण्यात प्रोटीन सात-आठ ग्रॅम आणि कॅलरी १७०. आमच्याकडे तर भाजीत कूट, चटणीत कूट, धपाट्याबरोबर पुन्हा चटणी. कूट मी बंद केलं नाही, मोजायला लागले. तेलही तसंच. मोठा एक चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. फोडणी बाटलीतून सरळ न ओतता चमच्याने घातली, एवढ्यावरच दिवसाची निम्मी तूट निघाली.

प्रोटीनची मोठी भर सोयाबीनच्या वड्यांनी घातली. माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं. खरिपात जिकडे बघाल तिकडे सोयाबीन, आणि लातूरच्या बाजारात त्याचे ढीग. पण लहानपणी आमच्या ताटात ते कधी आलं नाही. ते विकायचं पीक. तेल काढून उरलेल्या पिठापासून या वड्या होतात. पन्नास ग्रॅम कोरड्या वड्यांत २६ ग्रॅम प्रोटीन असतं. गरम पाण्यात फुगवून, दोनदा घट्ट पिळून, येसर घालून रस्सा केला की घरात कुणाची तक्रार नाही. पिळणं महत्त्वाचं. पाणी राहिलं की तो कच्चट वास जात नाही. बाकी अर्धा लिटर दूध, दोन अंडी, कधी शंभर ग्रॅम पनीर, कधी दह्याचा चक्का, आणि घाईच्या दिवशी व्हे प्रोटीनचा एक स्कूप. ज्वारीची भाकरी सोडली नाही. साठ ग्रॅम पिठाची एक, जोराच्या दिवशी तीन, इतर दिवशी दीड.

सासूबाईंना पहिले काही दिवस हे सगळं बघवत नव्हतं. "काय मोजायलीस गं सकाळी सकाळी? खाणाऱ्याचं अन्न मोजू न्हाई." मी त्यांना वही दाखवली. आधी किती खात होते, आता किती खाते. रविवारी तर आधीपेक्षा जास्त. त्यावर त्या म्हणाल्या, "असं व्हय. मग रविवारची भाकर मी थापते." आणि खरंच, पुढचे सगळे रविवार त्यांनी थापली.

सायकलवर असताना खाणं कमी करायचं नाही, हा दुसरा नियम. दीड तासापेक्षा लांब राइडला तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम कार्ब्स. बाटलीत ७५० मिलि पाणी, चाळीस ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, एक लिंबू. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मे-निम्मे असतात आणि आतड्यात दोघांच्या वाटा वेगळ्या, त्यामुळे ती पोटाला जड होत नाही. खिशात केळं, खजूर, राजगिऱ्याची चिक्की. वजन कमी करणाऱ्या बाईने साखरपाणी प्यावं हे बघणाऱ्याला खटकतं. पण त्या चाळीस ग्रॅम साखरेच्या १६० कॅलरी वाचवून मी शेवटचे दोन इंटरव्हल सोडून दिले असते, तर स्नायूला तुझी गरज आहे हे सांगायचं राहूनच गेलं असतं. भूक सोसायची ती संध्याकाळी, घरात, पाय वर घेऊन बसल्यावर. सायकलवर नाही.

ट्रेनिंगमध्ये तास कमी केले, जोर नाही. आधी आठवड्याला आठ-नऊ तास व्हायचे, ते सहा-साडेसहावर आणले. पण मंगळवारी पाच वेळा चार मिनिटं, एफटीपीच्या १०५ ते ११० टक्क्यांवर, मधे चार मिनिटं हळू, हे तसंच ठेवलं. तास कमी झाले तरी तीव्रता राखली तर शरीर कमावलेलं बऱ्याच अंशी टिकवतं, तीव्रता गेली की सोडतं. बाकीचे दिवस झोन टू, बोलता येईल इतकं हळू. आणि आठवड्यातून दोनदा जिम, स्क्वॉट, डेडलिफ्ट, लंज. जिममध्ये वजन वाढवण्याचा हट्ट नव्हता, पण चाळीस किलोचा स्क्वॉट चाळीसच राहिला पाहिजे, खाली आला तर काहीतरी बिघडलं, असा तो माझा दुसरा काटा होता.

तिसरा काटा म्हणजे पाळी. हे लिहायला संकोच करायचं कारण नाही. खाणं फार तुटलं की शरीर आधी तिथे काटकसर करतं. ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला वेगळं नाव दिलं, खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता. त्यात पाळी बिघडते, हाडं ठिसूळ होतात, आजारपण वाढतं, आणि पॉवर जाते ती वेगळीच. हे पुरुषांनाही होतं, त्यांना फक्त धोक्याची घंटा महिन्याला ऐकू येत नाही. म्हणून डॉक्टर मॅडमशी ठरलं होतं की पाळी लांबली तर तूट लगेच बंद. तशी वेळ आली नाही. कुठल्याही दिवशी १,४५० च्या खाली जायचं नाही, हेही त्यांचंच बंधन होतं.

वजनाच्या बाबतीतही पाळीचा हिशोब ठेवावा लागतो. त्या आठवड्यात माझं वजन किलोभर वाढतं, ते पाणी असतं. म्हणून मी या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याशी ताडून बघत नव्हते, मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडून बघत होते. सुरुवातीला दहा दिवसांत एक किलो गेला, त्याचाही फार आनंद मानला नाही. स्नायूंतल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवलेल्या कार्ब्सच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर तीन ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. कार्ब्स थोडे कमी झाले की ते पाणी जातं, तसंच परतही येतं.

जुलै सरळ गेला. श्रावणात मात्र टेस्टचा आकडा आला १४७. वीस मिनिटांची सरासरी १५५ वॅट. सहा महिन्यांत सर्वांत कमी नव्हे, पण एप्रिलनंतरचा सर्वांत कमी. पाच वॅट म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त, यंत्राच्या चुकीत बसणारा फरक नव्हे. मी दिवसभर कॉलेजात फळ्यावर शिकवत होते आणि डोक्यात एकच, गेली का जोडी बाजारात?

संध्याकाळी वही उघडली आणि टेस्टच्या फाइलमधले हृदयाचे ठोके बघितले. जूनमध्ये याच टेस्टच्या शेवटी ठोके १७४ पर्यंत गेले होते. या वेळी जीव तोडूनही १६६ च्या वर चढले नव्हते. पायांनीच आधी हात टेकले, छाती अजून शिल्लक होती. मग आदल्या दिवसाचं पान. सोमवार. श्रावणी सोमवारचा उपवास, दुपारी वाटीभर साबुदाण्याची खिचडी, एक केळं, दूध, आणि रात्री उपवास सोडताना दमलेपणामुळे एकच भाकरी. रविवारी ७० किलोमीटर झालेले, त्यानंतर टाकी भरलीच नव्हती, आणि मंगळवारी पहाटे मी टेस्टला बसले होते. शिवाय श्रावणात आमच्या घरी अंडी बंद, त्यामुळे प्रोटीनही आठवडाभर ऐंशीच्या आसपास.

म्हणजे कारणं दोन असू शकत होती. स्नायूच कमी झाला असेल, किंवा स्नायू आहे पण त्यातलं इंधन संपलंय. पहिलं असेल तर दोन दिवसांत काही सुधारणार नाही. दुसरं असेल तर सुधारेल. म्हणून बुधवार-गुरुवार तूट बंद केली, तीन-तीन भाकऱ्या, भात, गूळ-पोळीसुद्धा, आणि सायकलला हातही लावला नाही. शुक्रवारी पहाटे पुन्हा टेस्ट. १५९ वॅट, म्हणजे एफटीपी १५१. ठोके १७३.

ज्यांना वजन कमी करताना पॉवर घसरलेली दिसते त्यांनी ही तपासणी जरूर करून बघावी, असं मला वाटतं. एका पडलेल्या टेस्टवरून स्नायू गेला असं म्हणू नये आणि काही झालं नाही असंही म्हणू नये. दोन दिवस नीट खाऊन, विश्रांती घेऊन पुन्हा मोजावं. आकडा परत आला तर वेळापत्रक बदलायचं. नाही आला तर तूट थांबवून पूर्ण योजनाच नव्याने मांडायची.

माझं वेळापत्रक बदललं. इंटरव्हल मंगळवारवरून गुरुवारी नेले. सोमवारच्या उपवासाला राजगिऱ्याची थालीपिठं, दही, पनीर आणि दुधाची भर घातली, म्हणजे उपवास उपवासच राहिला आणि अंगाला प्रोटीनही मिळालं. अंड्यांची जागा सोयाबीनने घेतली. श्रावणात शनिवारी दौलताबादचा रस्ता आम्ही टाळतोच. भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांची रीघ असते, त्यात सायकल घालणं बरं नाही. रविवारी पहाटे मात्र पडेगाव, मिटमिट्यावरून दौलताबाद, दिल्ली दरवाजातून पुढे घाट, असा नेहमीचा रस्ता.

भाद्रपदात तूट पूर्ण बंद ठेवली, दोन आठवडे. हे आधीच ठरवलेलं होतं. महालक्ष्म्यांच्या सणाला पुरणपोळी मोजून खायची नाही. अशा थांब्याने शरीराला उसंत मिळते आणि डोक्यालाही. वजन सातशे ग्रॅमनी वाढलं आणि नंतरच्या आठवड्यात तितकंच गेलं. झोप या काळात सुधारली. त्याआधी रात्री तीनला भुकेने जाग यायला लागली होती, आणि ती जाग म्हणजे तूट जास्त होतेय याची खूण असते.

नवरात्रात सासूबाईंचे नऊ दिवस असतात. मी त्यांना म्हटलं, "आई, मी उठता-बसता धरते." त्या म्हणाल्या, "धर की. देवी काय उपाशी राहा म्हणती का कुणाला?" घटस्थापनेचा आणि शेवटचा, असे दोन दिवस उपवास, आणि त्या दोन्ही दिवशी सायकल नाही.

त्याच सुमारास शेंद्र्याकडची एक राइड झाली. औद्योगिक वसाहतीतले रुंद, सरळ रस्ते, परतताना समोरून वारा. ग्रुपमधला एक मुलगा मागे वळून ओरडला, "ताई, वारा लई आहे, मागं लागा!" मी काही वेळ त्याच्या मागे राहिले, मग पुढे आले आणि १४० वॅटवर पाच-सहा किलोमीटर ओढलं. सपाटीवर सहा किलो वजनाचा फरक जेमतेम दोन वॅटचा असतो, तोही फक्त टायरच्या घर्षणातला. हवेला तुमच्या किलोंशी देणंघेणं नाही. हवेविरुद्ध वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते, आणि ती पायातूनच यावी लागते. माझ्यामागे चार जण होते, आणि कुणी सुटलं नाही. मला त्या दिवशी जितका आनंद झाला तितका वजनाच्या काट्याने कधी दिला नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी वजन ६२ किलो. टेस्ट १६१ वॅट, एफटीपी १५३. किलोमागे २.४७. स्क्वॉट चाळीसच. हिमोग्लोबिन १२.६.

मग खुलताबादहून म्हैसमाळ. सुमारे १२ किलोमीटरचा हा रस्ता सलग कडक चढाचा नाही, बराच भाग हलका चढ, अधूनमधून सपाटी, आणि वर पोचता पोचता नीट चढ. जूनमध्ये आणि आता, दोन्ही वेळा मी १४५ वॅटच्या आसपास चालवलं. सायकल, बाटल्या, सामान धरून ८१ किलोचे ७५ झाले होते. वेळ दीड मिनिटाने कमी आला. फक्त दीड मिनिट? मीही आधी कागदावर मांडलं होतं तेव्हा तेवढंच आलं होतं. इतक्या हलक्या चढावर सहा किलो उतरवून तेवढंच मिळतं. आणि त्याच कागदावर दुसरी ओळ होती: वजनाबरोबर सहा वॅटही गेले असते तर त्या दीड मिनिटातलं एक मिनिट गेलं असतं. हे गणित मी वर्गात मुलांनाही सोडवायला दिलं. एकीने विचारलं, "मॅडम, मग दौलताबादच्या घाटात जास्त फायदा होईल ना?" होतो. चढ जितका कडक तितका वजनाचा वाटा मोठा. गुडघ्यांना तर तो फरक पहिल्याच वळणावर कळतो.

डिसेंबरमधली २०० मुदतीत झाली. तासाला पन्नास ग्रॅमच्या हिशोबाने खात राहिले, आणि शेवटच्या पन्नासात गुडघे बोलले नाहीत.

आता खाणं दर आठवड्याला शंभर कॅलरीने वाढवत मूळ जागी आणते आहे. एकदम सोडलं तर वजन परत येतं. पुढची टेस्ट जानेवारीत, त्याच यंत्रावर. हुरड्याचे दिवस आहेत, तो मी मोजत नाही.

ग्रुपमधल्या दोघी आता माझ्याबरोबर सुरू करणार आहेत. दोघींना आधी रक्त तपासायला पाठवलं. एकीचं ठीक आहे, तिची वही सुरू झाली. दुसऱ्या वहिनींचं हिमोग्लोबिन ९.८ निघालं. त्यांना वजनाची फार घाई होती, पण डॉक्टर मॅडमनी नको म्हटलंय. तूर्त गोळ्या, लिंबू, पोटभर जेवण आणि आठवड्यातून तीनदा हळू सायकल. कमी करायचं काय ते रिपोर्ट बघून, संक्रांतीनंतर.